बायकोनं वाचलेली सहा पुस्तकं

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरात सात पुस्तकं आली. मी सातही वाचली. बायकोनं सहा वाचली, सातवं वीस पानांवर सोडून दिलं. आकड्यानं बघितलं तर मी पुढे आहे. तरीही मार्च ते जून मी तिच्यावर सतत जळत होतो, आणि आज हे लिहायला बसलोय तेव्हा ते पुरतं विझलंय असंही नाही.

मी महाडला राहतो आणि पोलादपूरच्या एका शाळेत लिपिक आहे. रोज एसटीनं जातो-येतो. गळ्यातल्या पिशवीत कायम एक पुस्तक असतं, त्यामुळे स्टँडवरचे कंट्रोलरसुद्धा मला ‘वाचणारे’ म्हणून ओळखतात. दुसरं काही नाव कमावलेलं नाही, म्हणून हे मी जपून ठेवलंय. आमच्या वाचनालयात दर जून महिन्यात वाचक मंडळाची एक बैठक होते. तिथे उन्हाळ्यात काय काय वाचलं याचा आढावा गेली अकरा वर्षं मीच वाचून दाखवतो. ऐकायला वीसएक माणसं असतात, वाचायला वीस मिनिटं मिळतात. त्या वीस मिनिटांसाठी मी इस्त्रीचा शर्ट वेगळा काढून ठेवतो.

माझी बायको गडाच्या पायथ्याच्या पाचाडची. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या पंचवीसएक जणांना ती डबे देते. पहिल्या पाळीचे डबे पहाटे जातात, दुसऱ्या पाळीचे दुपारी. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तिला किराण्याच्या यादीपलीकडे काही वाचताना पाहिलं नव्हतं. तिला वाचनाची आवड नाही असं मी धरून चाललो होतो. बाहेर तसं सांगायचोही. ‘आमच्याकडे वाचणारा मी एकटाच,’ असं म्हणताना मला थोडं बरं वाटायचं.

शिमग्याला ती माहेरी गेली. पालखी अंगणात आली, आरतीचं ताट घेऊन ती ओट्यावरून उतरायला गेली आणि पाय घसरून पडली. नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून तिला घरी आणलं. डबे बंद झाले. पहिले आठ दिवस तिची भावजय येऊन राहिली, नंतर स्वयंपाक माझ्याकडे आला. मला भात, पिठलं आणि अंड्याची पोळी एवढंच येत होतं. तेच आलटूनपालटून व्हायचं.

चार दिवस तिनं मोबाइलवर मालिका बघितल्या. पाचव्या दिवशी मी पलंगाशेजारी खुर्ची ओढून पुस्तक वाचत बसलो होतो, तर म्हणाली, “ते तुमचं एखादं द्या इकडं. जाड नको.”

मी हातातलंच दिलं. माझं ते नुकतंच संपलं होतं. खाडीवर होडी चालवणाऱ्या एका माणसाची छोटी कादंबरी होती. खाडीवर पूल होतो, होडीला कोणी येईनासं होतं, तरी हा रोज धक्क्यावर जाऊन बसतो. पुस्तक तिच्या हातात देताना मी चांगलाच उदार झालो होतो. “अवघड वाटलं तर विचार,” असंही म्हणालो. हे आठवलं की आता कानशिलं गरम होतात.

तिनं सकाळी दहाला सुरू केलं आणि चारच्या चहाला संपवलं. मला तीन दिवस लागले होते.

“आवडलं?” मी विचारलं.

“ह्याची बायको कुठं हाय?” ती म्हणाली. “अख्ख्या पुस्तकात तिनं चार वेळा चहा केला. मी मोजला. बाकी ती काय करते?”

मी जरा हसलो. ही काळ बदलल्याची गोष्ट आहे, जुने व्यवसाय गेले त्याची, असं समजावून सांगितलं. वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी मी एका वहीत करतो, तिथेही मी तसंच लिहिलं होतं, ‘बदलत्या काळाचं प्रभावी चित्रण’. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “होडी गेली म्हणून नाय रडत तो. आधी लोक काठावर उभं राहून त्याची वाट बघायचे. आता कोणी वाट बघत नाय, म्हणून रडतो.”

मी चहाचे कप उचलून आत गेलो. वही उघडली. ‘बदलत्या काळाचं प्रभावी चित्रण’ हे शब्द तिथे होते आणि ते कुठल्याही पुस्तकाखाली चालले असते. हे मला त्या दुपारपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

दुसरं पुस्तक तिनं मागितलं. मी मुद्दाम जाड दिलं. साडेचारशे पानांची ऐतिहासिक कादंबरी, एका गडावर घडणारी. मला ती फार आवडली होती. बायको तिसऱ्याच दिवशी म्हणाली, “ही बाई पाण्याची घागर डोक्यावर घेऊन गड चढते आणि चढता चढता नवऱ्याशी भांडते. दोन पानं भांडते! मी नववीत असताना सुट्टीत रोज विकायला ताकाची कळशी घेऊन आमचा गड चढलेय. वर पोचेपर्यंत तोंडातनं शब्द फुटत नाय. ज्यानं लिवलं तो रोपवेनं गेला असणार.”

मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. ते दोन पानांचं भांडण मी वहीत ‘बहारदार संवाद’ म्हणून उतरवून घेतलं होतं.

आता सरांबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले एक सर पोलादपूरला राहतात. पंधरा वर्षं आमची पुस्तकांची मैत्री आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी ते महाडला येतात, वाचनालयात जातात आणि मग आमच्याकडे चहाला. बोलतात कमी. माझं म्हणणं ऐकून घेतात, मान हलवतात, “बरोबर,” म्हणतात. त्या ‘बरोबर’साठी मी आदल्या दिवशी तयारी करायचो.

एप्रिलमधल्या एका रविवारी ते आले. बायकोच्या पायाची चौकशी केली. उशाशी पुस्तक दिसलं म्हणून नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, “काय वाचताय वहिनी?”

ती त्या वेळी एका डॉक्टरच्या खुनाची रहस्यकथा वाचत होती. म्हणाली, “सर, मी शेवटचं पान आधी वाचलं.”

मी ओशाळलो. रहस्यकथा अशी वाचतात का! सर मात्र खुर्ची पुढे घेऊन बसले. “का बरं?”

“खून कोणी केला ते एकदा कळलं ना, की डोकं मोकळं होतं. आता तो माणूस सगळ्यांशी खोटं कसा बोलतो तेवढंच बघत बसायचं. सर, तो ना, खोटं बोलायच्या आधी दर वेळी समोरच्याला पाणी विचारतो. लिवणाऱ्याला तरी ठाऊक हाय का नाय कोण जाणे.”

सरांनी पुस्तक हातात घेतलं. ती सांगत गेली, ते पानं उलटत गेले. तीन ठिकाणी पाणी सापडलं. मी चहा करायला आत गेलो होतो. दूध उतू जाऊ नये म्हणून भांड्याकडे बघत उभा होतो, आणि बाहेरून सरांचं हसणं ऐकू आलं. मोठ्यानं, पोटातून आलेलं. पंधरा वर्षांत माझ्या बोलण्यावर ते असे हसलेले मला आठवेनात. मी हात टेकून ओट्यापाशी उभा राहिलो. दूध उतू गेलं ते गेलंच.

सर त्या दिवशी दोन तास बसले. निघताना मला म्हणाले, “वहिनी काय वाचतात हो!” मी, “हो ना,” म्हणालो. त्यांची चप्पल दारातच राहिली तरी चालेल, पण त्यांनी आता जावं, असं मला झालं होतं.

पुढच्या खेपेला त्यांनी बायकोसाठी स्वतःच्या कपाटातलं एक पुस्तक आणलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. खेड्यातल्या दवाखान्यात तीस वर्षं काम केलेल्या एका नर्सबाईंचं आत्मकथन. सर आपलं पुस्तक कोणाला देत नाहीत, हे सगळ्या पोलादपूरला माहीत आहे. मी एकदा मागितलं होतं तेव्हा, “वाचनालयात मिळेल,” म्हणाले होते. आता ते तिच्या पलंगावर पुस्तक ठेवून, “सावकाश वाचा, घाई नाही,” म्हणत होते, आणि मी शेजारी अंड्याच्या पोळीचं ताट धरून उभा होतो.

मे महिन्यात महाडची हवा अंगाला चिकटते. दुपारी पंखा नुसती गरम हवा ढकलत असतो. शाळेला सुट्टी होती, मला चार दिवसांआड एखादी चक्कर पुरत होती, त्यामुळे मी बराच वेळ घरीच होतो आणि ती वाचत होती. एका बापानं परगावी शिकणाऱ्या मुलीला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक तिनं दोनदा वाचलं. “मुलीची पत्रं ह्यात नायत,” ती म्हणाली. “तिनं काय लिवलं असेल ते बापाच्या उत्तरावरनं ओळखायला लागतं. पयल्यांदा मी बापाचं वाचलं, दुसऱ्यांदा मुलीचं.” एक कवितासंग्रह होता, तो ती भाजी निवडता निवडता मोठ्यानं वाचायची. सगळ्या कळतात का, असं मी खोचून विचारलं. “कळायला कशाला पायजे? ऐकायला बरं वाटतं.” मुंग्यांच्या आयुष्यावरचं एक सुंदर पुस्तक मी आग्रहानं दिलं, ते मात्र तिनं परत केलं. “मुंग्या घरात हायत तेवढ्या पुरे.” त्या एका पुस्तकाचं मला फार समाधान वाटलं. तिथे तरी मी एकटा होतो.

नर्सबाईंच्या पुस्तकाबद्दल ती काहीच बोलली नाही. मी दोनदा विचारलं, “कितवं पान?” तिनं पानाचा आकडा सांगितला. वाचून झाल्यावर आठ दिवस उशाशीच ठेवलं.

याच दिवसांत मी एक गोष्ट सुरू केली. ती जे बोलायची ते मी आत जाऊन वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवू लागलो. आधी वाटलं, विसरू नये म्हणून. मग जूनचा आढावा लिहायला बसलो तेव्हा मागची पानं पुढे आली. होडीवाला, खोटं बोलणारा खुनी, मुलीची न छापलेली पत्रं, सगळं मी माझ्या भाषेत बसवलं. ‘हायत’चं ‘आहेत’ केलं. ‘मला असं जाणवलं की’ हे शब्द सात वेळा आले. मला तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं नाही. पुस्तकं वाचनालयातून मी आणली, होडीवाला तिच्या हातात मी दिला, मग त्यातून निघालेलं माझंही आहे, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण दुसरं होतं. सरांचं ते हसणं मला एकदा तरी माझ्या बोलण्यावर ऐकायचं होतं.

प्लास्टर मेच्या मध्यात निघालं. जूनच्या पहिल्या रविवारी बैठक होती, संध्याकाळी पाचला. मागच्या मोठ्या पुरानंतर आमचं वाचनालय वरच्या मजल्यावर गेलंय. ती काठी टेकत जिना चढायला लागली तेव्हा मी दोनदा म्हणालो, “तू कशाला येतेस? पायाला त्रास होईल.” ती म्हणाली, “सर या म्हणाले.”

ती खिडकीपाशी बसली, मागच्या रांगेत. मी वाचायला उभा राहिलो. पहिलं पुस्तक होडीवाल्याचं. मी वाचलं, ‘मला असं जाणवलं की हा माणूस होडी गेल्याचं दुःख करत नाही. लोकांच्या लेखी आपलं महत्त्व संपलं, हे त्याचं दुःख आहे.’ समोरची मंडळी सावरून बसली. अकरा वर्षांत ती अशी सावरून बसलेली मी पाहिली नव्हती. रहस्यकथेतल्या पाण्याच्या पेल्यावर हशा झाला. मुलीच्या पत्रांशी आलो तेव्हा एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी वर बघितलं नाही. तरी एकदा नजर गेलीच. बायको माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीतून खाली बाजाराकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती.

टाळ्या झाल्या. सर पुढे आले, माझा हात हातात घेतला. “यंदा तुम्ही वेगळंच वाचलंत,” म्हणाले. ग्रंथपाल बाईंनी वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी लेख मागितला. मला खूप आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? रिक्षात बसेपर्यंत तो टिकला.

घरी आल्यावर ती पाय स्टुलावर ठेवून बसली आणि म्हणाली, “मी महत्त्व म्हटलं नव्हतं.”

“काय?”

“त्या होडीवाल्याचं. लोक त्याची वाट बघत नायत, असं म्हटलं होतं मी. महत्त्व वेगळं, वाट बघणं वेगळं.”

एवढंच. आरडाओरडा नाही, रडणं नाही. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, “भाताला पाणी ठेवा.”

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी सगळं बोलली. दूध, गॅस, वीजबिल, डबे कधीपासून सुरू करायचे. पण पुस्तकाबद्दल एक शब्द नाही. मी खोलीत गेलो की हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवायची. मी मागे वळलो की पुन्हा उघडल्याचं कळायचं. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. या मिटलेल्या पुस्तकाला काय उत्तर द्यायचं? आणि एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. तिनं काय वाचलं आणि तिला काय वाटलं, हे ऐकायची मला सवय लागली होती. मी स्वतः वाचत होतो, पण मजा येत नव्हती.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात कामाला पोलादपूरला गेलो आणि दुपारी सरांकडे गेलो. ते पुढच्या पडवीत फणसाचे गरे काढत बसले होते, हाताला तेल लावून. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. “सर, त्या दिवशी मी वाचलं ते माझं नव्हतं. सगळं हिचं होतं.”

त्यांनी सुरी खाली ठेवली नाही. एक गरा काढला, आठळी वेगळी केली. मग म्हणाले, “मला वाटलं होतं, तुम्ही सुधारलात.”

मला ते फार लागलं. त्यांनी रागावून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

“पाण्याचा पेला तर तुम्ही माझ्यासमोरच उचललात,” ते म्हणाले. “तेव्हा म्हटलं, असू दे, घरातल्या घरात बोलणं झालं असेल. पण बाकीचं मला तुमचंच वाटलं. एक त्या नर्सबाईंच्या पुस्तकावरचं सोडून. ते तुमच्या जुन्या पद्धतीचं होतं.”

“त्या पुस्तकावर ती काही बोललीच नाही, सर.”

त्यांनी आता सुरी खाली ठेवली. “तुम्हाला सांगितलं नाही?”

“काय?”

“मग मी नाही सांगणार. त्यांना विचारा.”

परतीच्या एसटीत मी पुस्तक उघडलं नाही. सरांना माहीत आहे आणि मला नाही, अशी माझ्या बायकोची एक गोष्ट आहे, एवढंच डोक्यात होतं. आधी मी तिच्यावर जळत होतो, आता सरांवरही. पोलादपूर ते महाड अंतर फार नाही, पण त्या दिवशी ते संपेना.

घरी आलो तेव्हा ती ओट्याशी स्टूल घेऊन बसली होती. अर्धे डबे सुरू झाले होते, दुसऱ्या दिवसासाठी वाल सोलणं चाललं होतं. मी समोर बसून सोलायला घेतले. मग मी सांगितलं की सरांकडे जाऊन आलो आणि काय सांगितलं ते. तिचे हात थांबले.

“कशाला सांगितलंत?”

“खरं ते सांगितलं.”

तिनं पुन्हा सोलायला घेतलं. मी म्हणालो, “त्या नर्सबाईंच्या पुस्तकाचं तू सरांना काय सांगितलंस?”

“बारावीनंतर मी नर्सिंगचा फॉर्म भरला होता,” ती म्हणाली, वालाकडे बघत. “अलिबागला जायचं होतं. नंबर लागला होता. त्याच महिन्यात तुमच्याकडची माणसं बघायला आली.”

सत्तावीस वर्षं. मी म्हणालो, “मला कधी बोलली नाहीस.”

“बोलण्यासारखं काय होतं? झालं ते झालं. मी काय रडत नाय बसले.” मग म्हणाली, “त्या पुस्तकात ती बाई पयल्यांदा एकटीच्या हातानं बाळंतपण करते. ते वाचून मी पुस्तक मिटलं. सर आले तेव्हा, तुम्ही चहाला आत होतात, त्यांनी विचारलं, वहिनी, ह्या पुस्तकात तुम्ही कुठं थांबलात? मग मी सांगितलं.”

“मीही विचारलं होतं.”

“तुम्ही कितवं पान ते विचारलंत.”

मी वाल सोलत राहिलो. माझ्या बोटांची नखं हिरवी झाली होती. मला तिची कीव आली नाही, तिला ती नकोच होती. मला वाटलं ते असं, की ही बाई माझ्या घरात इतकी वर्षं राहिली, पंचवीस माणसांना जेवू घातलं, आणि तिला वाचायची आवड नाही असं मी लोकांना सांगत फिरलो. तिला वेळ नव्हता. पाय मोडला तेव्हा तिला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बसायला मिळालं.

वार्षिक अंकाचा लेख द्यायचा होता. मी नवा लिहिला. प्रत्येक ठिकाणी ‘मला जाणवलं’च्या जागी ‘माझ्या पत्नीचं म्हणणं असं’ घातलं आणि तिला वाचून दाखवला. मला वाटलं, आता तरी ती खूश होईल.

“पत्नी म्हणू नका,” ती म्हणाली.

“मग काय म्हणू?”

“काहीच नको. माझ्या पत्नीचं म्हणणं म्हटलं की ते परत तुमचंच झालं. माझं मी लिवते.”

तिनं लिहिलं. चार दिवस लागले, डब्यांच्या मधल्या वेळात. सहा पुस्तकांवर नाही, फक्त त्या नर्सबाईंच्या पुस्तकावर. एक्सरसाइज वहीची दीड पानं. नर्सिंगच्या फॉर्मचा त्यात उल्लेख नव्हता. शुद्धलेखन तपासायला तिनं माझ्याकडे दिलं, तेव्हा मी लाल पेन घेऊन बसलो आणि दोन ठिकाणी शब्दही बदलले. तिनं ऱ्हस्व-दीर्घ ठेवलं आणि ते दोन शब्द परत पहिल्यासारखे केले. तिचेच बरोबर होते. मी ते तिला सांगितलं नाही.

मग मी माझा आढावा उरला तेवढा लिहिला. त्यात होडीवाल्याबद्दल मी फक्त एवढं लिहिलं, की या पुस्तकाबद्दल जूनच्या बैठकीत मी जे बोललो ते दुसऱ्या एका वाचकाचं होतं आणि मी ते चुकीचं सांगितलं होतं. त्याला वाट बघणारी माणसं हवी होती. मुंग्यांच्या पुस्तकावर मी दीड पान लिहिलं, कारण त्यावर खरंच मला काही म्हणायचं होतं. ग्रंथपाल बाईंनी दोन्ही लेख वाचले. तिचा लेख आधी आणि माझा नंतर घेतला. “तुमचा जरा लांबलाय,” एवढंच मला म्हणाल्या. लेखाखाली बायकोनं पूर्ण नाव लिहिलं होतं, माहेरच्या आडनावासकट.

आता तिनं स्वतःचं सभासदत्व घेतलंय. डबे पंचवीसवरून पंधरावर आणलेत आणि दुपारी दोन ते चार दार ओढून घेते. सरांचा फोन आला तर आधी तिला मागतात. मी फोन तिच्याकडे नेऊन देतो आणि तिथेच काहीतरी शोधत घुटमळतो. अजूनही खुपतं. पूर्वी वाटायचं की हे खुपणं गेलं की मी बरा माणूस होईन. आता तसं वाटत नाही. खुपतं तेव्हा मी निदान नीट वाचतो.

परवा तिनं वाचनालयातून एक जाड कादंबरी आणली, मी न वाचलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार थोडं ढकललं आणि विचारलं, “कुठं थांबलीस का?”

तिनं बोट पानात ठेवून वर बघितलं. “अजून नाय. थांबले की सांगीन.”

आधी कोणाला, ते मी विचारलं नाही.